गॅप ठेवू नये

आमच्या सोसायटीत बी विंगमध्ये एक गृहस्थ राहतात. त्यांची जुनी गाडी मागे घेताना पियानो वाजवते. म्हणजे पियानो नव्हे. दोनशे वर्षं जुन्या एका नाजूक सुरावटीचे पहिले काही सूर, तेही टीं टीं टीं करत, पत्र्यावर खिळा घासल्यासारखे. गृहस्थांना एका दमात गाडी काढता येत नाही, त्यामुळे ते सूर रोज सकाळी दोन-तीनदा ऐकावे लागतात. मी पोळी तव्यावर टाकून खिडकी लावायला धावते आणि पोळी करपते. "डोंबिवलीत राहून एवढं नाजूक असून चालत नाही," असं आमचे हे म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. पण मला किळस येते. राग नाही, किळस. भाजीत केस निघाल्यावर येते तशी.

एकट्या गाडीवर मी का चिडू? आमच्या दाताच्या डॉक्टरकडे बाहेरच्या खोलीत दिवसभर 'शांत संगीत' चालू असतं. पाण्याची झुळझूळ, वर कुठले तरी लांबवलेले सूर, मध्येच एक चिमणी. आतून ड्रिलचा आवाज आणि बाहेर चिमणी. दर चार मिनिटांनी तीच चिमणी, त्याच जागी. नव्या इमारतींच्या लिफ्टमध्ये, साड्यांच्या एसी दुकानात, फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" म्हणताना, सगळीकडे हा पातळ केलेला पियानो आणि हे पातळ केलेले सूर ओतून ठेवलेत. गप्प बसायला माणसं इतकी का घाबरतात, मला कळत नाही. जिथे म्हणून जरा मोकळी जागा दिसली तिथे काहीतरी भरलंच पाहिजे.

हे सगळं मी गेली पंचवीस वर्षं तावातावाने बोलत आलेय. गेल्या महिन्यात कळव्याची माहेरची खोली रिकामी केली, आणि तेव्हापासून बोलायला तोंड उरलेलं नाही.

कळव्याची आमची इमारत पाडणार आहेत. धाकटा भाऊ संजू याचा फोन आला, "ताई, माळा रिकामा करायचाय, तू ये, आईला एकटीला जमणार नाय." गेले. माळ्यावर पितळी डबे, संजूची मोडकी सायकल, आणि आईच्या जुन्या पातळात गुंडाळलेला टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला. राखाडी रंगाचा, एका कोपऱ्यात मेणबत्तीचं मेण सांडलेला. आत कॅसेट तशीच होती, पातळाच्या घडीत तिचा डबा. मी तो उचलला आणि खिडकीतून खाडीचा वास आला. ओहोटीच्या चिखलाचा, त्यात मिसळलेला कसल्याशा केमिकलचा, सडक्या अंड्यासारखा. लहानपणी हा वास आला की मी पदराने, ओढणीने, वहीने, हाताला लागेल त्याने नाक झाकायची. त्या दिवशी झाकलं नाही.

आमच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर, खाडीच्या अंगाला. भरती आली की वास जायचा, ओहोटी लागली की परत यायचा. उन्हाळ्यात तो भांड्यांना चिकटायचा, पावसाळ्यात कपड्यांना. कधीकधी पाण्यावर साबणासारखा फेस येई, पिवळट. हिरामावशी मासळीची पाटी घेऊन दारात बसायची, गावठाणातली कोळीण, आईची पक्की मैत्रीण. पाटीतलं दाखवताना हताश होऊन सांगायची, "निवट्या मेल्या गो सगल्या. माजा घरवाला जालं टाकतंय नं फेस काढतंय." मला ती पाटी, तो फेस, ते मेलेले मासे, सगळ्याचीच शिसारी यायची. मी फार शिष्ट मुलगी होते. हे आता कबूल करायला हरकत नाही.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्र्यावर प्रेस आदळायचा, दिवसाला हजारो वेळा. त्या दणक्यांनी त्यांचे कान गेले होते. पुरते नाही. उजव्या कानाला थोडं यायचं, डाव्यात कायमची शिट्टी. माणूस समोर बसून एकेक शब्द बोलला तर त्यांना कळे. लग्नात, मिरवणुकीत, जयंतीला चौकात कर्णे लागले की ते हळूच उठून घरी येत. रेडिओवर गाणं लागलं की गॅलरीत जाऊन उभे राहत. आम्हाला वाटे, यांना गाण्याची आवडच नाही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आवड आहे गं. पण सगळं एकदम येतं. पाट्यावर वाटल्यासारखं. कोण गातंय, कोण वाजवतंय, वेगळं निघतच नाही."

मी तेव्हा सातवीत होते. मामाचं लग्न ठरलं होतं आणि हळदीच्या दिवशी वाजवायला गाण्यांची कॅसेट भरून आणायची होती. नव्या वाचकांना सांगायला हवं: त्या काळी कोरी कॅसेट आणि कागदावर गाण्यांची यादी घेऊन रेकॉर्डिंगच्या दुकानात जायचं. दुकानदार त्याच्याकडच्या तबकड्यांवरून एकेक गाणं तुमच्या कॅसेटवर उतरवून देई. याला 'कॅसेट भरणे' म्हणत. आणि भरणे हा शब्द लोक मनापासून घेत. दोन गाण्यांच्या मध्ये कोरी फीत राहिली की गिऱ्हाईक भांडायला येई, अर्धवट भरलेल्या पोत्यासारखी कॅसेट दुकानदाराच्या तोंडावर आपटे. म्हणून प्रत्येक यादीच्या तळाशी, दोन रेघा मारून, सगळेच लिहीत: गॅप ठेवू नये.

टेंभी नाक्यामागच्या गल्लीत रेगे म्हणून होते, त्यांचं असं दुकान. लाकडी बाकापलीकडे दोन टेपडेक, एक तबकडी फिरवायचं यंत्र आणि पायाशी डालड्याचा डबा. डबा तंबाखू थुंकायला. एक गाणं संपलं की रेगे वाकून थुंकायचे, पुसायचे आणि त्याच हाताने सुई उचलायचे. त्या डब्याकडे बघून मला उमासे यायचे. बाबाही दुकानात शिरत नसत, पण वासामुळे नव्हे. आत आवाज असतो म्हणून ते बाहेर फूटपाथवर थांबत.

आम्ही सकाळी दुकान उघडता उघडता पोचलो. रेगे यंत्राचा पट्टा तपासत होते. त्यासाठी ते रोज एकच परदेशी तबकडी लावत. त्यांचा मेव्हणा बोटीवर होता, त्याने अशा खोकाभर तबकड्या आणून टाकल्या होत्या, ज्या ठाण्यात कोणी मागत नसे. सुई टेकली. खरखर झाली. मग एक सूर आला. पडला, पसरला, विरला. मग काहीच नाही. मला वाटलं बिघडलं. तेवढ्यात दुसरा आला.

बाबा फूटपाथवरून आत आले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. बहिऱ्या माणसाचा आवाज नेहमी जरा मोठाच असतो.

"पियानो, साहेब," रेगे म्हणाले. "विकायला नाही, पट्टा चेक करतोय. स्पीड जरा हलला ना, तर पियानोत लगेच कळतं. सूर वाकडा येतो."

बाबांनी उजवा कान पुढे केला. बाकावर दोन्ही हात टेकवून उभे राहिले. डालड्याचा डबा त्यांच्या चपलेला लागला तरी त्यांना पत्ता नव्हता.

"एकेक येतंय," ते मला म्हणाले. "पहिला येतो, मग जातो. पूर्ण जातो. मग दुसरा येतो. पोरी, मला ऐकू येतंय."

बाबांचा चेहरा असा मी आधी कधी बघितला नव्हता. पहिलटकरणीच्या हातात मूल दिल्यावर तिचा होतो तसा तो झाला होता. मला मात्र लाज वाटली, कारण ते फार मोठ्याने बोलले होते आणि शेजारच्या चहावाल्याने वळून पाहिलं होतं.

हळदीची यादी राहिली बाजूला. बाबांनी रेग्यांना सांगितलं, "हे मला भरून द्या. काही काढू नका, काही घालू नका. जसं आहे तसं द्या." रेग्यांनी एका बाजूला तो पियानो भरला आणि दुसऱ्या बाजूला त्याच खोक्यातली दुसरी तबकडी. त्या दुसऱ्या बाजूला धड गाणं नव्हतं की धड वाजवणं. नुसते लांब सूर यायचे, खोलीत उन्हाचा पट्टा सरकतो तसे सरकायचे आणि कधी गेले ते कळायचं नाही. अशा संगीताला पुढे नाव मिळालं, दुकानात वेगळा कप्पा मिळाला. आमच्याकडे त्याला 'बी साइड' म्हणत.

मग आमच्या घरात एक रविवार तयार झाला. सकाळी बाबा पांढरा सदरा घालत. फोटोपुढे मेणबत्त्या लागत, अगरबत्ती लागे, आम्ही चौघं खाली बसून वंदना म्हणत असू. वंदना झाली की पाच मिनिटं गप्प बसायचं, हा बाबांचा नियम. त्या पाच मिनिटांत स्टोव्हवरच्या मटणाला आलेली उकळी ऐकू यायची, संजूच्या पोटातली गुरगुर ऐकू यायची. मग बाबा उठत, टू-इन-वनवरचं क्रोशाचं कव्हर घडी करून ठेवत आणि कॅसेट लावत. लाकडी खुर्ची तिरकी करून उजवा कान स्पीकरकडे. दर सुराला त्यांची तर्जनी मांडीवरून थोडी उचलली जाई. सूर गेला की खाली येई.

रेकॉर्डिंग कसं ऐकावं हे मी त्या खुर्चीमागे उभी राहून शिकले, शिकतेय हे न कळता. बाबांना सुरांपेक्षा सुरांच्या मधलं जास्त आवडे. वाजवणाऱ्याचं स्टूल करकरे, ते त्यांना आवडे. पियानोची पायाने दाबायची पट्टी सुटताना बारीक 'धप्' होई, ते आवडे. तिसऱ्या तुकड्यात एक सूर विरतो, सगळं थांबतं, आणि त्या शांततेत कोणीतरी खोकतं. वाजवणारा की ऐकणारा, देव जाणे. बाबा त्या खोकल्याची वाट बघत असायचे. तो आला की दर रविवारी वळून आईला म्हणत, "अगं, ह्याला बडीशेप दे कोणीतरी." आणि दर रविवारी स्वतःच हसत. कुठल्या देशातला कोण माणूस, कधी खोकला होता, तो कळव्यात दुसऱ्या मजल्यावर ऐकू येत होता. ज्यांना शेजारच्या घरातलं भांडण ऐकू येत नसे त्यांना.

हिरामावशी एकदा पाटी टेकवून बी साइड ऐकत बसली. थोड्या वेळाने कुजबुजत विचारलं, "काय गो, तुजा बापूस ह्यो काय ऐकतंय? बोट बंद पडल्यावानी वाजतंय." मग जरा थांबून म्हणाली, "पन बरां वाटतंय. भरती येताना खाडीत बसल्यावानी." तिने त्या दिवशी पाटी विकायची घाई केली नाही.

पाच वर्षं ती कॅसेट चालली. मग एका दमट श्रावणात टू-इन-वनने ती खाल्ली. चॉकलेटी फीत बाहेर ओढताना आतड्यांसारखी हाताला गुंडाळली गेली, मेणचट, चुरगळलेली. मी पेन्सिल घालून फिरवत बसले, पण ती तीन ठिकाणी तुटली. बाबा म्हणाले, "असू दे. रेगे देतील भरून."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. ठाण्यात कॉलेज, नव्या मैत्रिणी, त्यातल्या दोघी नौपाड्यातल्या, घरात फ्रिज आणि पाहुण्यांसाठी वेगळे कप असलेल्या. मला कळवा सांगायची लाज वाटू लागली होती. बाबांनी सांगितलेलं काम मी महिना-दीड महिना पुढे ढकललं. मग नवरात्र आलं. टेंभी नाक्याला देवीची गर्दी, कर्णे, रोषणाई, आणि मैत्रिणी म्हणाल्या संध्याकाळी जाऊ. वाटेतच दुकान होतं. मी कॉलेजातल्या वहीचं पान फाडून यादी केली. पियानोचे तुकडे चार, मागच्या बाजूला 'ते लांब सुरांचं'. आणि खाली, हात सवयीने चालला, दोन रेघा मारून लिहिलं: गॅप ठेवू नये.

तीन दिवसांनी मी कॅसेट न्यायला गेले. बाहेर कर्ण्यांचा एवढा गदारोळ होता की रेग्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"ताई, याच्यात गॅपच जास्त आहेत हो! पण तुम्ही लिहिलंत म्हणून काढल्या. पॉजवर बोट ठेवून बसलो. रेकॉर्ड तोंडपाठ आहे म्हणून जमलं. एक पीस जास्तच बसला, बघा!"

त्यांचा चेहरा घामेजला होता आणि ते खूश होते. तीन दिवस तो माणूस एकेक सूर विरायच्या आत बटण दाबत बसला होता. माझ्यासाठी, माझ्या यादीसाठी. "बरं केलंत," मी म्हणाले. मैत्रिणी कोपऱ्यावर थांबल्या होत्या. मी न ऐकता कॅसेट पर्समध्ये टाकली. पुढच्या वर्षी रेग्यांनी दुकान बंद केलं, खोकं कुठल्या भंगारवाल्याकडे गेलं ते कुणालाच माहीत नाही.

रविवारी बाबांनी कॅसेट लावली. तर्जनी उचलली आणि ती तशीच वर राहिली. एका सुरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, मध्ये मध्ये बटणाचं 'टक्'. बाबा शेवटपर्यंत बसले. नंतर एवढंच विचारलं, "खोकला कुठे गेला गं?"

"काढला," मी म्हणाले. "नवी कॅसेट आहे बाबा. स्वच्छ भरलीये."

"बरं," ते म्हणाले.

त्यानंतरच्या कुठल्याशा रविवारी नौपाड्याच्या त्या दोघी अचानक घरी आल्या. मी जिन्यातच त्यांची नाकं बघितली, खाडीच्या वासाने आक्रसलेली. आत आले तर बाबा टू-इन-वनसमोर वाकून बसले होते आणि पॉजचं बटण दाबत होते. दाबायचे, सोडायचे, दाबायचे. मशीन दर वेळी 'घुँई' करून सुरू होई. तुकडा तुकडा, घुँई, तुकडा. मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. एक फिसकन हसली. बाबांना अर्थातच ते ऐकू आलं नाही. मला आलं.

मी पुढे होऊन त्यांचा हात बाजूला केला. "बाबा, खेळणं आहे का ते? बटण मोडेल!"

ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. बाबांनी तव्याला लागल्यासारखं बोट उचललं. मैत्रिणींकडे बघून हसले, खुर्ची सोडली, "बसा बसा" म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यानंतर मी त्यांना कॅसेट लावताना पाहिलं नाही. रविवारी वंदना झाली, पाच मिनिटं झाली, की ते पेपर उघडत. कंटाळले असतील, असं मी धरून चालले.

माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला आले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी बाबा गेले. ते गेल्यावर मला या संगीताचं वेड लागलं. आधी कॅसेटी, मग सीड्या. रिक्षा करून, बस करून, जिथून मिळतील तिथून आणल्या. एका रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा म्हातारा सुरांबरोबर गुणगुणतो, बेसूर. एकात देवळासारख्या उंच छताखाली कबुतरं फडफडतात. एकात सूर इतका हळू लावलाय की आधी लाकूड ऐकू येतं आणि मग सूर. लांब सुरांच्या तबकड्याही जमवल्या. त्यातली एक ऐकताना घरातला फ्रिज बंद झाला तरच ती सुरू आहे हे कळतं. दोन सुरांच्या मधली जागा ही भरायची राहिलेली जागा नसते, तिथेच सगळं घडत असतं, हे मला चाळिशीत कळलं. मी लोकांना ते पढवूही लागले. आणि प्रत्येक नव्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या तुकड्याला कान टवकारून बसू लागले. तो खोकला मला अजून सापडलेला नाही. वाजवणाऱ्याचं नाव मला माहीत नव्हतं, तबकडीचं नाव माहीत नव्हतं. मी यादीत फक्त 'पियानोचे तुकडे चार' लिहिलं होतं.

आपण बाबांची कॅसेट बिघडवली, हे तेव्हाच उमगलं होतं. वाईट वाटलं होतं. पण चूक कोणाकडूनही होते, पोरवयात होते, रेगेही तसेच होते, अशी मी त्या वाईट वाटण्याची घडी घालून ठेवली होती.

माळ्यावरचा टू-इन-वन मी डोंबिवलीला आणला. आईही चार दिवस माझ्याकडे राहायला आली. स्टेशनजवळ एक वयस्कर मेकॅनिक अजून असली मशीनं उघडतो. त्याने आतला पट्टा बदलला, हेड पुसलं, आणि परत देताना म्हणाला, "मॅडम, मशीन एकदम चांगलं ठेवलंय. बाकी बटनं नवी आहेत, हे पॉजच काय ते घासलंय. घरात कोण रेकॉर्डिंगचा धंदा करायचे का?"

मी बघितलं. प्लेच्या बटणावरचा बाण पांढराशुभ्र होता. पॉजवरच्या दोन उभ्या रेघा पार पुसल्या गेल्या होत्या, आणि प्लॅस्टिकला बोटाच्या टोकाएवढा खळगा पडला होता.

घरी आई मटार सोलत बसली होती. मी मशीन तिच्यासमोर ठेवलं. "आई, हे बटण कोणी घासलं?"

"तुझ्या बाबांनी. आणखी कोण?"

"पण मी त्यांना त्या दिवशी बोलले ना, मैत्रिणींसमोर. नंतर त्यांनी हात लावला नाही."

"तू घरी असताना नाही लावला," आई म्हणाली. तिने एक शेंग उघडली, आतली अळी बघून बाजूला टाकली. "सेकंड शिफ्ट असली की सकाळी घरी असायचे ना. तू कॉलेजला गेलीस की कव्हर काढायचे. एक सूर झाला की दाबायचे, थांबायचे, मग सोडायचे. मी म्हटलं, अहो काय चाललंय? तर म्हणाले, पोरीने भरून आणलंय, फक्त जरा घाईत भरलंय, मी सुटं करून घेतो. तू यायच्या वेळेला परत कव्हर घालून ठेवायचे. तुला आवडत नव्हतं म्हणून."

आईने पुढची शेंग घेतली. "तुझं लग्न झाल्यावर मग रविवारीपण लावायचे," ती म्हणाली.

मला स्वतःची किळस आली. भाजीत केस निघाल्यावर येते तशी नव्हे. ती किळस माणूस ताट ढकलून देतो आणि संपते. ही ढकलायला ताटच नाही. मी ज्यांच्यावर फणकारत आलेय, तो बी विंगवाला, तो दाताचा डॉक्टर, त्यांनी कोणाच्या तोंडचा एकुलता एक घास तरी काढून घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपली होती. मी खिडकी लावली आणि कॅसेटचा डबा उघडला. आत वहीचं पान चार घड्यांत होतं. माझं वळणदार अक्षर, तळाशी दोन रेघा. बाबांनी ते फेकलं नव्हतं.

मी कॅसेट लावली. सूर एकमेकांच्या अंगावर कोसळू लागले, टक्, टक्, श्वास नाही, उसंत नाही. तिसऱ्या तुकड्यापर्यंत दात आवळून ऐकलं. मग खुर्ची तिरकी केली, उजवा कान पुढे केला आणि त्या खळग्यात बोट ठेवलं. बोट नीट बसलं. एक सूर आला. मी बटण दाबलं. खोली गप्प झाली. फ्रिज वाजत होता, आई आत घोरत होती, खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

आता सोडायचं होतं, पण बोट उचलेना. बाबा किती वेळ थांबायचे ते मला माहीत नाही. मी कधी शेजारी बसलेच नाही.